कायम आठवडा

बत्तीशीकाकांना माणसं चेहऱ्यावरून लक्षात राहत नसत, चाव्यावरून राहत. त्यात त्यांचा दोष नाही. चाळीस वर्षं त्यांनी कवळ्या केल्या, आणि कवळ्या करणाऱ्याकडे माणूस कधी येतच नाही. माणूस जातो दंतवैद्याकडे. कवळीवाल्याकडे येतो तो त्याच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा, बुटाच्या खोक्यात, वर दोन ओळींची चिठ्ठी चिकटवलेला. त्या साच्यावरून काका माणूस ताडत. "ही बाई एकाच बाजूनं चावते. घरात कुणाशी तरी अबोला आहे," असं काहीबाही ते जेवताना बोलत, आणि काकू म्हणत, "वाढलंय ते खा आधी. तुमच्या अबोल्याचं मग बघू."

दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांची एका खोलीची कार्यशाळा. खिडकीखाली टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेण कोरायच्या पाच सुऱ्या, पॉलिशचं चाक, आणि इवल्या इवल्या खणांत रंगाच्या नंबराप्रमाणे लावलेले दात. माणसाचे दात पांढरे नसतात हे गिऱ्हाइकांना पटवून देण्यात त्यांचा जन्म गेला. भुवयांत कायम प्लास्टर, आणि सदऱ्याच्या खिशात गुलाबी मेणाची पट्टी. हिरड्या करायचं मेण ते. ते बरोबर नसेल तर काकांना उघड्यावर आल्यासारखं वाटे. कवळीत केसाएवढी फट राहिली तरी माणसाचं तोंड सोलून निघतं, म्हणून हा गृहस्थ प्रत्येक गोष्ट तीनदा बघणारा. अशा माणसानं आयुष्यात एकच कागद नीट न वाचता त्यावर सही केली.

बावीस वर्षांपूर्वी एका हॉटेलात त्यांना फुकट जेवायला बोलावलं, जेवण झाल्यावर दोन तास खुर्चीत अडकवून ठेवलं, आणि टाय लावलेल्या एका विक्रेत्यानं त्यांना सुट्टीचा आठवडा विकला. तळ्याकाठची तीन मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावरची सात नंबरची खोली, दरवर्षी एक आठवडा तुमची. उरलेले एक्कावन्न आठवडे दुसऱ्या एक्कावन्न घरांचे.

"आठवडा कायम हवा की फिरता?" विक्रेत्यानं विचारलं.

फिरता म्हणजे दरवर्षी जो मिळेल तो, कायम म्हणजे दरवर्षी तोच. त्याला एवढंच म्हणायचं होतं. काकांनी ऐकलं भलतंच.

"कायमचाच द्या. फिरता घेऊन काय करू?"

फॉर्मवर 'कायम' या शब्दापुढच्या चौकोनात फुली पडली, वर्षातला आठवडा क्रमांक चौतीस. काका घरी येऊन म्हणाले, "कायमचा घेतला." काकूंनी विचारलं, "सगळं वाचलंत ना?" "वाचलं की." पहिलं पान वाचलं होतं. करार चौदा पानांचा होता आणि मुदतीची ओळ अकराव्या पानावर होती.

मग दरवर्षी चौतिसावा आठवडा उजाडला की काका, काकू आणि लेक तळ्यावर. लेक शाळेत होती तेव्हापासून ती नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली तोवर. त्या खोलीत आपल्याआधी आणि आपल्यानंतर कोण राहतं याचं तिघांनाही भारी कुतूहल. तेहेतिसाव्या आठवड्याची मंडळी म्हणजे 'अलीकडचे' आणि पस्तिसाव्याची 'पलीकडचे'. अलीकडच्यांची बरीच माहिती जमली होती. ते मीठ बशीत काढून ठेवायचे, उशा कपाटात कोंबायचे, आणि दर वर्षी खणात चावलेली एक पेन्सिल विसरायचे. काकांनी ती उजेडात धरून सांगितलं होतं, "खालचा सुळा आडवा. माणूस तापट, पण मनात ठेवणारा नाही." पलीकडच्यांचा मात्र काही पत्ता लागायचा नाही. आपण निघायचं दहाला, ते येणार दोनला, मधे चार तास साफसफाई. त्यांच्या खुणा पुढच्या वर्षापर्यंत पन्नास घरांच्या खुणांखाली गाडल्या जायच्या.

"पण त्यांच्यासाठी आपणच अलीकडचे," लेक आठ-नऊ वर्षांची असताना म्हणाली होती. हे काकांच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. तेव्हापासून ते निघायच्या आदल्या दिवशी खोली अशी ठाकठीक करायचे, जणू कवळीच दवाखान्यात पाठवायची आहे. नळाचा वॉशर बदलला, डुगडुगत्या टेबलाचा पाय बसवला. तळ्याकडची खिडकी जराशा वाऱ्यानं खडखडायची, तर तिच्या फटीत गुलाबी मेण तापवून भरलं. वर्षभराच्या उन्हानं ते गळून पडायचं, काका दरवर्षी नवं भरायचे. काकू सफाईवाली यायची असूनही मोरी घासायच्या. "नाहीतर म्हणतील, कुठली माणसं राहून गेली."

गाडं अडलं ते काकूंच्या गुडघ्यांवर. इमारतीला लिफ्ट नाही, एकेचाळीस पायऱ्या. काकूंना तळ्याकाठी बसायची हौस, म्हणजे दिवसातून चार वेळा खाली, चार वेळा वर. गेल्या वर्षी त्या मधल्या वळणावर बसल्या त्या अर्धा तास उठल्याच नाहीत. यंदा आठवड्याला महिना उरला तेव्हा त्यांनी फर्मान काढलं.

"हा आठवडा विकायचा आणि तळमजल्यावरचा घ्यायचा. बावीस वर्षांत जागांचे भाव कुठच्या कुठे गेले. वर चार पैसे उरतील. तळं सोडणार नाही मी, सांगून ठेवते. आणि पुढे लेकीलाही तळमजलाच बरा. तिचेही गुडघे माझ्यावर गेलेत."

काकूंनी एकदा ठरवलं की काकांच्या हाती फक्त चपला घालणं उरतं. करार पिशवीत घालून ते असे आठवडे विकून देणाऱ्या एका बाईंकडे गेले. ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर ऑफिस, पन्नाशीच्या दलालबाई, गळ्यात चष्मा, आणि टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद. काकांनी आधी सफरचंद बघितलं, मग बाईंना.

बाईंनी कागद चाळले. "काका, यंदाचा मुक्काम धरला तर बावीस झाले. पुढे तीन उरतात."

"तीन कसे? कायमचा आहे. लिहिलंय तसं."

बाईंनी अकरावं पान उघडून बोट ठेवलं. "कायम म्हणजे तोच आठवडा. कायमचा नव्हे. मुदत पंचवीस वर्षं."

काकांनी ती ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि सवयीनं तिसऱ्यांदा वाचली. बावीस वर्षं उशिरा.

"बरं," ते म्हणाले, "मग तीन वर्षांचे किती येतील?"

"हे घरासारखं नसतं हो. घर जुनं झालं तरी खाली जमीन असते. इथं खाली काहीच नाही. तुम्ही खोली घेतली नव्हती, पंचवीस मुक्काम घेतले होते, त्यातले बावीस संपले. निम्मी मुदत उरलेली असते तेव्हा कुणी घेतं तरी, तेही मूळ किमतीच्या चौथ्या हिश्शात. पाच वर्षं उरली की विचारणारे फोन थांबतात. तीन उरली की मीच लोकांचे फोन उचलत नाही."

"एवढं काय वाईट आहे?"

"देखभालीची वर्गणी दरवर्षी पूर्ण भरायची असते ना. घेणारा म्हणतो, तेवढ्यात मी कुठलीही खोली आठवडाभर भाड्यानं घेईन, तुमचा कागद कशाला गळ्यात बांधून घेऊ? काही लोक तर वर पैसे देऊन सुटका करून घेतात. आणि हे बघा, गिऱ्हाईक तयार आहे, आधी फी भरा, असा फोन आला तर खुशाल ठेवून द्या. मुदत संपत आलेल्यांच्या याद्या फिरत असतात या लोकांत."

काका पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले. बाईंना दया आली असावी.

"अशा आठवड्याला एकच गिऱ्हाईक असतं. ज्याचा अगदी लागून पुढचा किंवा मागचा आठवडा असेल तो. त्याला सलग पंधरवडा मिळतो, म्हणून त्याच्या लेखी तीन वर्षांनाही थोडीफार किंमत. फार नाही."

"खालच्या कवळीएवढी?"

"केवढ्याला असते खालची कवळी?"

काकांनी सांगितलं.

"हां. तेवढी. घासाघीस केली तर त्याहून कमी."

बाईंनी फी घेतली नाही. काका दारातून मागे वळले. "तुमची डावी खालची दाढ दाखवून घ्या. सफरचंद नुसतं उजवीकडनं चाललंय." बाई गालाला हात लावून बघत राहिल्या.

घरी काकू उंबऱ्यातच. "काय म्हणाली? किती?"

एरवी दुसऱ्यांच्या जबड्यांवर तासभर बोलणाऱ्या काकांची दातखीळ बसली. कायमचा हा शब्द त्यांनी या घरात इतक्यांदा उच्चारला होता की आता तो गिळायचा कसा हे कळेना. काकूंनी लेकीला फोनवर सांगून ठेवलेलं होतं, बांगड्या तुला, आठवडाही तुला.

"म्हणाली, शेजारचं गिऱ्हाईक बघा," काका म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"पलीकडचे," काकू लगेच म्हणाल्या. "त्यांच्याशी बोलायचं. यंदा दहाला निघायचं नाही, दोनपर्यंत बसायचं. आणि भाव मी करणार, तुम्ही मधे तोंड घालायचं नाही."

काकांनी मान हलवली. मग महिनाभर काकू रोज नवा आकडा काढत, आणि रोज तो काकांच्या घशाखाली उतरेना.

चौतिसावा आठवडा आला. काकू एकेचाळीस पायऱ्या चार विश्रांत्या घेऊन चढल्या. आठवडाभर खिडकी खडखडत राहिली. खिशात मेण होतं, पण विकायच्या खिडकीला हात लावावा असं काकांना वाटेना. शेवटच्या दिवशी दहाला चावी दिली आणि दोघं खाली बसायच्या खोलीत माशांच्या काचपेटीसमोर बसली. त्या चार तासांत काकांनी सात वेळा तोंड उघडलं. पाच वेळा पाणी प्यायले, दोनदा माशांबद्दल बोलले.

दोनला पाच मिनिटं असताना दोन बहिणी आत आल्या. थोरली काठी टेकत, धाकटी तीन पिशव्या सांभाळत. थोरलीनं चावी मागितली. "सात नंबर. पस्तीस."

काकू उठल्याच. "आम्ही चौतीस."

धाकटीच्या हातातली एक पिशवी खाली आली. तिनं काकूंना बघितलं, काकांना बघितलं, मग त्यांच्या मागे कुणी आहे का ते बघितलं.

"मुलगा नाही आला?"

"कुठला मुलगा?" काकू म्हणाल्या. "आम्हांला एकच मुलगी."

"मग खिडकीत च्युइंगम कोण चिकटवतं?"

काका उठून उभे राहिले. हात आपोआप खिशाकडे गेला.

"सतरा वर्षं दरवर्षी ताजं च्युइंगम," धाकटी थोरलीला म्हणाली, "आणि तू म्हणत होतीस, मुलगा आता मोठा झाला असेल, पुढच्या वर्षी थांबेल."

"मेण आहे ते," काकांनी पट्टी काढून दाखवली. "हिरड्यांचं. मी कवळ्या करतो."

थोरलीनं पट्टी हातात घेतली, दाबून बघितली, वास घेतला. "पहिल्या वर्षी मी सुरीनं खरवडून काढलं होतं. मग आठवडाभर खिडकीनं डोळ्याला डोळा लागू दिला नाही. तेव्हापासून हात लावत नाही आम्ही. हिचा राग, माझी झोप."

चौघं बसली. बोलणं गोडीत चाललं होतं आणि काकूंना वाटलं, हीच वेळ. त्यांनी पदर सावरला आणि विषय काढला. आमचा आठवडा विकायचाय, तुम्हांला लागून आहे, तुम्हांलाच प्रथम विचारतोय. आणि मग त्यांनी आकडा सांगितला. महिनाभर घासून पुसून तयार केलेला आकडा. तळमजल्यावरचा आठवडा येऊन वर काही उरावं असा.

धाकटीनं थोरलीकडे बघितलं. थोरलीनं तीस वर्षं कोर्टात टायपिस्टची नोकरी केलेली, करारांची तिला बाराखडीसारखी सवय.

"आमची अजून आठ वर्षं आहेत, वहिनी," ती म्हणाली. "तुमची किती?"

"आमचा कायमचा आहे," काकू म्हणाल्या.

थोरलीनं काकांकडे बघितलं, मग काठीची मूठ चोळत बसली. माणसाला वाट करून द्यायची तर कुठे गप्प राहायचं हे तिला कळत होतं.

"अगं," काका म्हणाले. "कायमचा नाही. कायम म्हणजे दरवर्षी तोच, एवढंच. पंचवीस वर्षांचा होता. तीन राहिलीत. ती दलालबाई म्हणाली, एका खालच्या कवळीएवढे येतील, तेही यांनी घेतला तर."

काकूंनी माशांकडे बघितलं.

"तुम्हांला कधी कळलं?"

"महिना झाला."

"आणि महिनाभर मला आकडे काढू दिलेत."

"तू इतकी खुशीत काढत होतीस."

"या माणसाला," काकू बहिणींना म्हणाल्या, "कोण कुठल्या बाजूनं चावतं ते कळतं. चौदा पानं वाचता येत नाहीत." आवाज कापरा होता आणि तो रागानं की कशानं हे काकांना ओळखता येईना. "लेकीला काय सांगू मी? बांगड्या तुला आणि बापाची अक्कल तुला?"

"माझी चूक झाली," काका म्हणाले. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी फार वेळा वापरलेलं नव्हतं, त्यामुळे ते नव्या कवळीसारखं तोंडात नीट बसलं नाही. पण बोलले.

धाकटीला हे सोसेना. "आम्ही घेऊ हो आठवडा. खालची कवळी, वरची कवळी, काय असेल ते. घेऊ ना गं?"

"घेऊ," थोरली म्हणाली. "पण मला नकोय. यांच्या आठवड्यात आपण राहायला लागलो तर आपल्याआधी खोली नीट करणार कोण? ते तेहेतीसवाले?"

"मीठ बशीत ठेवतात ते," काकू नकळत बोलून गेल्या.

"बघा. म्हणजे तुमचा आठवडा आम्हांला तुमच्याकडे असला तरच उपयोगाचा. विकत घेतला की त्याची किंमत गेली."

काकूंनी हे मनात फिरवून बघितलं. मग एकदम विचारलं, "तीन म्हणजे यंदाचा धरून की सोडून?"

"सोडून," काका घाईनं म्हणाले.

"म्हणजे अजून तीनदा."

"तीनदा."

"पण माझे गुडघे? एकेचाळीस पायऱ्या आहेत, ताई. तुम्ही काठी घेऊन कशा चढता?"

"एकदा चढते आणि एकदा उतरते," थोरली म्हणाली. "येताना आणि जाताना. मधे काय भाजी-दूध लागेल ते ही आणते."

"आणि तळं?"

"खिडकीतून बघते. खाली जाऊन बघायचं असतं असं कुणी सांगितलं तुम्हांला? वरून पाणी दिसतं. जवळ गेलं की शेवाळ दिसतं."

काकूंनी जिन्याकडे बघितलं. बावीस वर्षं दिवसातून चार वेळा उतरलेल्या पायऱ्या त्या मोजत असाव्यात. मग त्या हसायला लागल्या. सगळी बत्तीशी दाखवून हसल्या, त्यातले खालचे सहा काकांनीच केलेले.

"नाही विकायचा," त्या काकांना म्हणाल्या. "पुढच्या वर्षीपासून मी वर बसणार. भाजी-दूध तुम्ही. सामान तुम्ही. दर वेळी चढताना एक एक पान वाचत चढा, तीन वर्षांत होतील चौदा."

"पण खिडकी भरलीत ना यंदा?" धाकटीनं विचारलं.

काकांनी जमिनीकडे बघितलं. "यंदा नाही. म्हटलं, विकायचीच आहे."

"तरीच," काकू म्हणाल्या. "आठवडाभर खडखड चालली होती. मला वाटलं, यांना ऐकू येईनासं झालं. कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं होतं मी."

मग काकांनी धाकटीच्या तीनपैकी दोन पिशव्या उचलल्या आणि तिच्यामागून एकेचाळीस पायऱ्या चढले. सात नंबरच्या दारात मात्र अडखळले. खोली तीच, पण चादर बदललेली, उशा दुसऱ्या बाजूला, आणि वेळ त्यांची नव्हे. बावीस वर्षांत पस्तिसाव्या आठवड्यात त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं.

"या की आत," धाकटी म्हणाली. "आमचाच आहे."

काकांनी काडी ओढली, पट्टीची कड तापवली, आणि अंगठ्यानं मेण फटीत बसवलं. वरपासून खालपर्यंत, केसाएवढी जागा न सोडता. धाकटी शेजारी उभी राहून बघत होती. सतरा वर्षांचा राग तिनं एकदम सोडलेला नसावा, कारण तिनं बोटानं दाबून खात्री करून घेतली.

"हे कायम राहील ना?"

काकांनी अंगठा पुसला. "वर्षभर. उन्हानं सुटतं. पुढच्या वर्षी येऊन नवं भरीन."

खाली तळ्याकाठच्या बाकावर काकू आणि थोरली बसल्या होत्या. काकूंनी वर बघून हातानंच विचारलं, झालं का? मेण घट्ट व्हायचं होतं. काकांनी काचेतून तीन बोटं दाखवली, तीन मिनिटं.

"काय म्हणतायत?" थोरलीनं विचारलं.

"अजून तीनदा येऊ म्हणतायत," काकू म्हणाल्या, आणि त्यांनीही वर तीन बोटं करून दाखवली.